पक्षी खरा, बाजार खोटा : इमूपालनाचा हिशेब

पोलादपूर : कशेडी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपूर तालुक्यातील बहुतेक घरांचा एक पाय गावात, तर दुसरा मुंबईत असतो. मुंबईतील चाकरमानी निवृत्त होतो, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हाती येते आणि गावाकडची पडीक जमीन डोळ्यांसमोर उभी राहते. भात आणि नाचणी यांवर घर चालत नाही, हे त्याला ठाऊक असते. मग ‘काहीतरी वेगळे’ करावे, असा विचार मूळ धरतो. गेल्या तीस वर्षांत या ‘वेगळ्या’ची नावे बदलत गेली. कधी सागवान, कधी शेळी, कधी इमू, तर कधी कडकनाथ कोंबडी. या सर्वांमध्ये इमूची कहाणी विशेष बोधप्रद आहे. कारण या व्यवसायात पक्षी खरा होता, त्याचे उपयोगही बऱ्याच अंशी खरे होते. खोटी होती ती बाजारपेठ.

पुंजी गुंतवण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे समजून घ्यायचे असेल तर इमूचा हिशेब एकदा शेवटपर्यंत मांडून पाहायला हवा.

ऑस्ट्रेलियाचा पाहुणा

इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. शहामृगाच्या खालोखाल उंचीचा मान त्याच्याकडे जातो. पूर्ण वाढलेला इमू पाच ते सहा फूट उंच आणि साधारण ३५ ते ४५ किलो वजनाचा असतो. त्याला उडता येत नाही. मात्र ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने तो धावू शकतो. शहामृगाच्या पायाला दोन बोटे असतात, इमूच्या पायाला तीन. कांगारूसोबत त्याला ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर स्थान मिळाले आहे. त्याच ऑस्ट्रेलियात १९३२ मध्ये गव्हाच्या शेतांची नासाडी करणाऱ्या इमूंवर मशीनगन घेऊन सैनिक पाठवण्यात आले होते आणि पक्ष्यांनी त्यांना दाद दिली नव्हती, हाही इतिहास आहे.

या पक्ष्याचे संसारशास्त्र मजेशीर आहे. अंडी उबवण्याचे काम नर करतो. सुमारे आठ आठवडे तो घरट्यावरून फारसा हलत नाही, खातपीतही नाही आणि अंगातील चरबीवर दिवस काढतो. हीच साठवलेली चरबी पुढे माणसाच्या डोळ्यांत भरली. भारतात इमूचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मादी दीड ते दोन वर्षांनी वयात येते आणि संध्याकाळच्या सुमारास, काही दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते. गर्द हिरव्या रंगाच्या या अंड्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. उबवण यंत्रात ते सुमारे ५२ दिवस ठेवावे लागते. बाहेर पडणाऱ्या पिल्लाच्या अंगावर खारीसारखे पट्टे असतात. बंदिस्त स्थितीत इमू वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो. ही शेवटची बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा संबंध पुढे येणार आहे.

व्यापारी तत्त्वावर इमू पाळण्याचे प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात सुरू झाले. भारतात हा पक्षी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. आंध्र प्रदेश, तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांत त्याचे फार्म उभे राहिले.

तेलापासून पिसांपर्यंत

‘इमूचे काहीही वाया जात नाही’ हे या व्यवसायाचे आवडते वाक्य होते. त्यात तथ्य आहे. पाठीवर आणि पोटाशी साठलेल्या चरबीपासून तेल निघते. चांगल्या पोसलेल्या पक्ष्यापासून चार-पाच लिटर तेल मिळू शकते. मांस लाल रंगाचे असते. चवीला आणि दिसायला ते कोंबडीपेक्षा मोठ्या जनावराच्या मांसाच्या जवळचे असते. त्यात चरबी अत्यल्प, तर प्रथिने आणि लोह भरपूर असते. एका पक्ष्यापासून हाडांविना साधारण १० ते १५ किलो मांस हाती येते.

कातड्याचे दोन प्रकार पडतात. अंगाच्या कातड्यावर पिसांच्या मुळांचे उठावदार ठिपके असतात. पायांचे कातडे खवल्यांचे, सरपटणाऱ्या प्राण्याच्या कातड्यासारखे दिसते. पाकिटे, पट्टे, पादत्राणे यांसाठी दोन्ही वापरता येतात. इमूच्या एका मुळातून दोन पिसे फुटतात, त्यामुळे त्याचा पिसारा मऊ आणि झुबकेदार असतो. ही पिसे झटकण्या आणि शोभेच्या वस्तूंसाठी वापरतात. अंड्याचे कवच जाड असून त्याला गडद हिरव्यापासून पांढऱ्यापर्यंत रंगांचे थर असतात. ते कमी-अधिक खोल कोरून त्यावर नक्षीकाम करता येते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील चांदीच्या कारागिरांनी ही अंडी चांदीत मढवून शोभेच्या वस्तू घडवल्या होत्या.

ही यादी खरी आहे. तथापि ती वाचताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. हे सारे काढणार कोण? चरबी वितळवून ती शुद्ध करायला यंत्रसामग्री लागते. कातडे कमावायला त्या प्रकारच्या कातड्याची माहिती असलेला कारखाना लागतो. मांस विकायला स्वच्छ कत्तलखाना, शीतगृह आणि मुख्य म्हणजे ते विकत घेणारे गिऱ्हाईक लागते. पाच-दहा जोड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. त्याच्याकडे असतो तो फक्त जिवंत पक्षी.

तेलाचे दावे आणि तथ्य

इमूच्या उत्पादनांत सर्वाधिक बोलबाला तेलाचा झाला. सांधेदुखी, भाजल्याच्या जखमा, त्वचारोग, केस गळणे अशा अनेक व्याधींवर ते गुणकारी असल्याचे सांगण्यात आले. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज दुखऱ्या सांध्यांवर आणि जखमांवर इमूची चरबी फार पूर्वीपासून चोळत आले आहेत, हे खरे. या तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण जवळपास निम्मे असते. त्वचेवर ते चांगले जिरते आणि तिला मऊपणा आणते. सूज कमी करण्याचा गुण त्यात असल्याचे संकेत प्रयोगशाळेत उंदरांवर झालेल्या चाचण्यांतून मिळाले आहेत.

परंतु उंदरावरील प्रयोग आणि माणसाचे औषध यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इमू तेलाला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. उलट २००९ मध्ये आरोग्यविषयक फसवणूक कशी ओळखावी, याची माहिती ग्राहकांना देताना इमू तेलाच्या नावाखाली होणाऱ्या दाव्यांकडेही त्या प्रशासनाने लक्ष वेधले होते. त्वचेला लावायचे एक चांगले तेल, एवढीच त्याची किंमत धरली तर त्याची स्पर्धा खोबरेल आणि तिळाच्या तेलाशी होते. आणि मग त्याचा भाव गुंतवणूकदाराला दाखवलेल्या आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नाही.

खाद्याचे गणित

आता फार्मवरील खर्चाकडे वळू. मोठा इमू दिवसाला पाऊण ते एक किलो खाद्य खातो. बाजारात नेण्याजोगा होण्यास त्याला सव्वा ते दीड वर्ष लागते. तोपर्यंत कमीत कमी ३०० किलो खाद्य त्याच्या पोटात जाते, असे धरू. उदाहरणादाखल खाद्याचा दर किलोला ३० रुपये मानला, तर हा खर्च ९,००० रुपये होतो. मांस १२ किलो निघाले आणि तेल, कातडे यांना गिऱ्हाईक नसले, तर मांसाच्या प्रत्येक किलोमागे केवळ खाद्याचेच ७५० रुपये पडतात. पिल्लाची किंमत, कुंपण, मजुरी, औषधे, मरतूक, कत्तल आणि वाहतूक हे सारे वेगळे.

याउलट ब्रॉयलर कोंबडी सुमारे चाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास भरते आणि किलोभर वजनासाठी पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्य घेते. इमूचे मांस महाग पडते ते यामुळे. एवढा भाव देणारा वर्ग असल्याशिवाय हा व्यवसाय मांसावर उभा राहत नाही. ज्या पक्ष्याची चव बहुतेकांनी घेतलेली नाही, त्यासाठी बोकडाच्या मटणाइतके किंवा त्याहून अधिक पैसे मोजणारे ग्राहक भारतात मोठ्या संख्येने कधी तयारच झाले नाहीत.

मग इतकी वर्षे पैसा आला कोठून?

या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पैसा पिल्लांच्या विक्रीतून आला. इमू विकत घेणारा मुख्य ग्राहक मांस खाणारा किंवा तेल लावणारा नव्हता. तो होता इमूपालन सुरू करू इच्छिणारा पुढचा शेतकरी.

हे चक्र किती काळ चालू शकते, ते आकड्यांत पाहू. एका जोडीपासून वर्षाला दहा पिल्ले जगली, असे समजू. म्हणजे पाच नव्या जोड्या. एखाद्या परिसरात सुरुवातीला दहा जोड्या असतील, तर एका हंगामात ५० नव्या जोड्यांना गिऱ्हाईक हवे. दोन वर्षांनी त्या ५० जोड्या वयात येतात आणि २५० जोड्या तयार होतात. आणखी दोन वर्षांनी १,२५० आणि त्यानंतरच्या दोन वर्षांनी ६,२५०. जुन्या जोड्यांची पिल्ले यात धरलेलीच नाहीत. सहा वर्षांत सहा हजारांवर नवे इमूपालक मिळाले, तरच प्रत्येकाची पिल्ले खपतील. ज्या वर्षी नवा शेतकरी मिळणार नाही, त्या वर्षी भाव कोसळतो. शेवटी सामील झालेल्यांच्या हाती पक्षी उरतात.

अमेरिकेत हे आधीच घडून गेले होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे इमूच्या एका जोडीला हजारो डॉलर मोजले जात होते. खरेदी करणारे प्रामुख्याने नवे पालकच होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात भाव इतके घसरले की खाद्याचा खर्च परवडेना. काही पालकांनी पक्षी मोकळे सोडून दिले. भारतात इमूचे आगमन नेमके याच सुमारास झाले, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

पेरुंदुराईचा धडा

भारतातील इमू व्यवसायाला सर्वांत मोठा हादरा बसला तो २०१२ च्या ऑगस्ट महिन्यात, तामिळनाडूतील इरोड जिल्ह्यात. पेरुंदुराई येथील सुसी इमू फार्म्स या कंपनीने चित्रपट कलावंतांना घेऊन जाहिराती केल्या होत्या. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, दीड लाख रुपये ठेव दिल्यास सहा पिल्ले, शेड आणि खाद्य कंपनी देणार होती. वर त्यांच्या संगोपनासाठी दरमहा ६,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये बोनस मिळणार होता. दोन वर्षांनी ठेव परत मिळेल, असेही सांगितले होते.

वर्षाचे ७२ हजार आणि बोनसचे २० हजार मिळून ९२ हजार रुपये होतात. दीड लाखावर हा परतावा ६१ टक्के पडतो. कोणताही पक्षी वर्षाला एवढे उत्पन्न देत नाही. ते येत होते नव्या ठेवीदारांच्या पैशातून. ठेवी आटल्या, तशी देणी थकली. कंपनीची कार्यालये बंद झाली. हजारो ठेवीदार पोलिसांकडे गेले. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या राज्याच्या कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आणि कोइमतूर येथील विशेष न्यायालयाने पुढे कंपनीच्या प्रमुखाला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

या प्रकरणात आणखी एक पक्ष होता, त्याला तक्रार करता येत नव्हती. खाद्य बंद झाल्याने फार्मवरील पक्षी उपाशी पडले, काही दगावले. अखेर पशुसंवर्धन खात्याला त्यांच्या चाऱ्या-पाण्याची व्यवस्था पाहावी लागली. शेअर बुडाला तर कागद उरतो. इमू बुडाला तर वीस वर्षे जगणारा, रोज किलोभर खाणारा जीव उरतो. त्याला रानात सोडून देणे हा मार्ग नव्हे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.

पेरुंदुराईच्या बातम्यांनंतर नवे इमूपालक येणे थांबले आणि इतर राज्यांतील प्रामाणिक पालकांच्या पिल्लांनाही गिऱ्हाईक उरले नाही. त्यांनी कोणाला फसवले नव्हते. पण त्यांचा बाजारही त्याच नव्या शेतकऱ्यावर अवलंबून होता.

नाव बदलले, रीत तीच

महाराष्ट्राने या घटनेपासून बोध घेतला, असे म्हणवत नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत ॲग्रो या कंपनीविरुद्ध कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेतून शेतकऱ्यांची फसवणूक केल्याच्या तक्रारी दाखल झाल्या. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या मांसाची कोंबडी. तिच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे येथेही पक्षी खराच होता. परंतु शेतकऱ्याने आधी पैसे भरून पिल्ले घ्यायची आणि अंडी व कोंबड्या कंपनीने चढ्या भावाने परत घ्यायच्या, ही रीत इमूच्या वळणाचीच होती. कंपनीने खरेदी थांबवली आणि शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पक्षी अडकून पडले. कोंबड्यांचे पोट भरण्याचा खर्च मात्र थांबला नाही.

रायगड जिल्ह्यात ब्रॉयलर कोंबड्यांचे करार पद्धतीचे पालन अनेक वर्षे चालू आहे. त्याच्याशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. त्या पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. पक्षी कंपनीचेच असतात. शेतकरी शेड आणि श्रम पुरवतो आणि वजनानुसार संगोपनाचा मोबदला घेतो. त्यातही तक्रारी असतात, मोबदला तुटपुंजा असतो. परंतु पैशाचा ओघ कंपनीकडून शेतकऱ्याकडे असतो, आणि शेवटी ती कोंबडी खाणारा माणूस बाजारात उभा असतो. इमू आणि कडकनाथच्या योजनांत पैशाचा पहिला ओघ शेतकऱ्याकडून कंपनीकडे होता.

सह्याद्रीच्या उतारावर

बाजाराचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी पोलादपूर-महाडच्या भूगोलाचा विचार करावाच लागतो. इमूच्या एका प्रजननक्षम जोडीसाठी सुमारे २,५०० चौरस फूट, धावता येईल अशी लांबट मोकळी जागा सुचवली जाते. तिला उंच जाळीचे कुंपण लागते. जमीन सपाट आणि निचऱ्याची हवी. वाढत्या पिल्लांचे वजन झपाट्याने वाढते, त्यामुळे निसरड्या जमिनीवर त्यांचे पाय फाकतात, वाकडे होतात.

या दोन तालुक्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सपाट जमीन आहे ती बहुतांशी सावित्री आणि तिच्या उपनद्यांच्या काठची, आणि ती भाताखाली आहे. उरलेली वरकस जमीन उताराची आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळीये आणि पोलादपूरमधील केवनाळे, सुतारवाडी येथे कोसळलेल्या दरडी आणि महाड शहरात शिरलेला पूर यांच्या आठवणी ताज्या आहेत. अशा ठिकाणी डोंगर कापून सपाटी करणे आणि त्यावर मोठे पक्षी कोंडणे हा केवळ खर्चाचा प्रश्न उरत नाही.

तुलनेने गावठी कोंबडी किंवा परसबागेसाठी विकसित केलेल्या ‘गिरिराज’, ‘वनराज’ या जाती, तसेच शेळी यांना या भागात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गावची जत्रा, शिमगा, मे महिन्यात येणारे मुंबईकर आणि मुंबई-गोवा महामार्गावरील खाणावळी हा बाजार आधीपासूनच तयार आहे. त्यात एकदम लाखो रुपये मिळत नाहीत. पण विकलेली कोंबडी कोणाच्या तरी ताटात जाते.

गुंतवणुकीपूर्वीचे प्रश्न

इमू हा पक्षी व्यापारासाठी सर्वथा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. जपानच्या होक्काइडो बेटावरील अबाशिरी येथे कृषी विद्यापीठाच्या सहभागातून इमूच्या तेलापासून सौंदर्यप्रसाधने तयार केली जातात. तेथे प्रक्रिया आणि विक्री यांची सांगड पक्ष्यांच्या संख्येशी घातलेली आहे. आपल्याकडे नेमके उलटे झाले. आधी पक्षी वाढले आणि कारखाना, ग्राहक मागून येतील, असे गृहीत धरले गेले.

तेव्हा उद्या नव्या नावाचा एखादा पक्षी, प्राणी किंवा वृक्ष दारी आला, तर चार प्रश्न विचारावेत. अंतिम ग्राहक कोण आहे आणि तो आज हा माल कोणत्या दुकानातून, काय भावाने घेतो? नवे पालक मिळणे बंद झाले, तर विक्री चालू राहील काय? उत्पन्न मालाच्या विक्रीतून मिळणार आहे की ठरावीक मासिक रकमेच्या रूपात? पुन्हा खरेदीची हमी देणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रक्रिया प्रकल्प आहे काय, आणि तो चालू स्थितीत पाहता येतो काय?

लोकांचा पैसा एकत्र करून त्याचे व्यवस्थापन स्वतःकडे ठेवणाऱ्या आणि नफ्याचे आमिष दाखवणाऱ्या योजनांना ‘सेबी’ची नोंदणी लागते. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही २०१९ मध्ये आला. मात्र हे कायदे बहुधा पैसा गेल्यानंतर कामी येतात. मालमत्ता जप्त होते, खटला वर्षानुवर्षे चालतो आणि ठेवीदाराच्या हाती मूळ रकमेचा काही अंश येतो, तोही आला तर. निवृत्तीनंतरच्या पुंजीला एवढा वेळ नसतो.

गावाकडे परतणाऱ्या माणसाची ‘काहीतरी वेगळे’ करण्याची इच्छा चुकीची नाही. ओस पडत चाललेल्या वाड्या-वस्त्यांना अशा माणसांची गरजच आहे. त्याने फक्त पक्षी पाहायला जाण्याआधी गिऱ्हाईक पाहून यावे.